रविवारी सकाळी कोण उठतं?

नांदेड ते लातूर, मग लातूर ते किल्लारी आणि परत. दोन दिवसांत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. डिसेंबरमधल्या चॅरिटी राइडसाठी कॉलेजच्या अकरा जणांनी केलेल्या सरावाची ही गोष्ट. तुमच्या ग्रुपला असंच काही करायचं असेल, तर कामाला येईल असा आराखडाही शेवटी दिलाय.

"पैसेच गोळा करायचेत ना? मग करा की. त्यासाठी एवढं लांब सायकल कशाला हाणायलाव?"

चॅरिटी राइडचं नाव काढलं की आपल्याकडे चहाच्या टपरीवर हा प्रश्न ठरलेला. कधी काका विचारतात, कधी टायरवाला, कधी घरी आईच विचारते. प्रश्न अगदी रास्त आहे. सायकल मारल्याने कोणाचं पोट भरत नाही. आपण घाम गाळला म्हणून शाळा सुटलेली मुलगी परत शाळेत जात नाही. मग सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून दीडशे किलोमीटर पायडल मारायचे कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर घरात बसून मला तरी सापडलं नसतं. आम्ही नांदेडचे अकरा जण, सात मुलं आणि चार मुली. कोणी इंजिनिअरिंगला, कोणी बीएस्सीला, मी मास कम्युनिकेशनला. डिसेंबरमध्ये आमची तीन दिवसांची राइड आहे. गावापासून लांब शाळेत चालत जाणाऱ्या मुलींना साध्या सायकली घेऊन द्यायच्या, हा त्यामागचा उद्देश. नियम दोनच ठेवलेत. प्रत्येकाने किमान दोन सायकलींचे पैसे उभे करायचे आणि राइडचा स्वतःचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा.

तीन दिवस सलग सायकल चालवायची तर सराव हवा, आणि सराव म्हणजे एका रविवारी लांब जाऊन येणं नव्हे. अनुभवी सायकलस्वारांचा सल्ला असा की सलग दोन दिवस चालवा. पहिल्या दिवशी उत्साहच तुम्हाला ओढून नेतो. दुसऱ्या दिवशी तो नसतो, असतात फक्त दुखणाऱ्या मांड्या. त्या मांड्या घेऊन परत सीटवर बसता आलं, तर तयारी झाली म्हणायची. म्हणून शनिवार-रविवार ठरला.

शनिवार : चढाचा दिवस

नांदेड-लातूर हा रस्ता आपल्यातल्या बहुतेकांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. अंतर साधारण १४० किलोमीटर. एसटीत बसल्यावर जे कधीच कळत नाही ते सायकलवर लगेच कळतं: हा रस्ता चढाचा आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, गोदावरीच्या काठावर. लातूर सुमारे ६३० मीटरवर, बालाघाटच्या पठारावर. म्हणजे दिवसभरात आपण पावणेतीनशे मीटर वर जाणार. शिवाय मधले चढउतार वेगळेच. घाट असा कुठे दिसत नाही, पण पायांना तो कळतो.

पहाटे साडेपाचला निघालो. गोदावरीचा पूल ओलांडून विष्णुपुरीला आलो तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं. उजव्या-डाव्या हाताला इंजिनिअरिंग, मेडिकल, पुढे विद्यापीठ. आमच्यातल्या निम्म्या जणांचा रोजचा रस्ता. इथपर्यंत सगळ्यांच्या गप्पा चालू होत्या. सोनखेडच्या पुढे गप्पा कमी झाल्या आणि लोह्याला पहिला थांबा घेतला तेव्हा सगळे चहा पिताना गप्प होते.

ऑक्टोबरचे दिवस, सोयाबीनची रास चालू. काही ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच शेंगा वाळत घातलेल्या. मळणीयंत्राचा भुसा वाऱ्यावर उडून थेट डोळ्यांत येतो. साधा गॉगल इथे शो म्हणून लागत नाही, गरज म्हणून लागतो. दुसरा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. आपल्या मराठवाड्यात सायकलस्वाराची खरी परीक्षा तोच घेतो. रस्त्याची कडा सोडून मातीत उतरलात की पंक्चर ठरलेलं. दिवसभरात आमच्या ग्रुपची चार पंक्चर झाली आणि त्यातली तीन काट्यांची होती. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावाच लागतो. तो आत राहिला तर नवी ट्यूबही पुढच्या दोन किलोमीटरमध्ये बसते.

लोह्यानंतर माळेगाव. खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्षात इथे भरणारी यात्रा घोडे, गाढवं आणि उंटांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही गेलो तेव्हा मैदान रिकामं होतं. तिथल्या सावलीत केळी खाल्ली आणि पुढे निघालो. अहमदपूरला पोचायला साडेदहा वाजले. निम्मं अंतर झालं होतं. सुशिला, वर शेंगदाणे आणि लिंबू, दोन-दोन प्लेटा. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारासाठी याहून चांगला नाश्ता शोधूनही सापडणार नाही. पोट जड होत नाही, मीठही मिळतं आणि लगेच ताकदही येते.

खाण्याचं गणित या सरावात सगळ्यात आधी शिकावं लागतं. आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो जोरात सायकल चालवली तर दीड-दोन तासांत संपत येतो. मधे खाल्लं नाही तर गाडी एकदम रिझर्व्हला लागावी तसं होतं. पाय चालत नाहीत, चिडचिड होते, साधा चढ डोंगर वाटतो. म्हणून नियम असा: भूक लागायच्या आधी खायचं आणि तहान लागायच्या आधी प्यायचं. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, सगळं चालतं. महागड्या एनर्जी जेलची गरज नाही. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि दिवसातून दोन-तीनदा ओआरएस.

अहमदपूर ते शिरूर ताजबंद, तिथून चाकूर, आष्टामोड. दुपारच्या उन्हात हा टप्पा संपता संपत नाही. लातूरच्या हद्दीत शिरलो तेव्हा सव्वाचार झाले होते. थांबे धरून पावणेअकरा तास. हा काही विक्रम नाही. जगभर चालणाऱ्या बीआरएम राइड्समध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास दिलेले असतात. म्हणजे ताशी पंधराच्या आसपास वेग ठेवला तरी चालतो. पण तो वेग चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून ठेवावा लागतो. वेळ चढावर जातो असं आपल्याला वाटतं. घड्याळ लावून बघा, तो टपरीवर जातो.

रांगेत चालायचं कसं?

ग्रुपमध्ये सायकल चालवायची म्हणजे अकरा जणांनी एकाच वेळी एकाच रस्त्यावर असणं एवढंच नाही. त्यासाठी एक पद्धत असते. ती पाळली नाही तर ग्रुप एकट्याने जाण्यापेक्षा धोकादायक ठरतो.

हायवेवर एकामागे एक, एकेरी रांग. सगळ्यात पुढे 'लीड'. त्याचं काम वेग ठरवणं आणि रस्ता वाचणं. खड्डा दिसला की त्या बाजूचा हात खाली करून ओरडायचं, "खड्डा!" मागचा त्याच्या मागच्याला सांगणार. ब्रेक मारायच्या आधी "थांबतोय!" मागून ट्रक आला तर शेवटचा "गाडी!" म्हणून आवाज देणार. हा शेवटचा म्हणजे 'स्वीप'. त्याच्याकडे पंप, ट्यूब, पाने आणि प्रथमोपचाराची पिशवी. स्वीपच्या मागे कोणीच राहायचं नाही, एवढा एकच नियम मोडायचा नाही.

पुढच्याच्या मागे एक-दोन मीटरवर राहिलं तर वारा तो अंगावर घेतो आणि तुमची मेहनत बरीच वाचते. समोरून वारा असेल तर फरक लगेच जाणवतो. म्हणून लीड दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलतात. पुढचा बाजूला होतो, रांग पुढे जाते, तो मागे येऊन विसावतो. जो दमलाय त्याला मध्ये ठेवतात.

आणि वेग? वेग ठरतो सगळ्यात हळू चालवणाऱ्यावरून. आमच्यात एकाकडे एकवीस गिअरची सायकल होती आणि एकीकडे घरातली साधी, बिनगिअरची. आष्टामोडच्या अलीकडे ती मागे पडायला लागली तेव्हा लीडने वेग ताशी बावीसवरून सोळावर आणला. कोणी कुरकुर केली नाही, कारण हे आधीच ठरलं होतं. वारीची दिंडी पाहिली असेल तर हे लगेच समजेल. दिंडीत पुढे पळून कोणी पंढरपूरला लवकर पोचत नाही. नाशिकचे सायकलस्वार २०१२ पासून पंढरपूरची सायकल वारी करतात, त्यांनीही दिंडीचीच शिस्त सायकलवर आणली असं म्हणायला हरकत नाही.

रविवार : किल्लारी

शनिवारी रात्री लातूरला मुली एका मैत्रिणीच्या मावशीकडे आणि मुलं तिच्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर. मावशींनी निलंगा राईस केला होता. किती खाल्ला ते विचारू नका. नऊ वाजता सगळे आडवे.

पाचचा अलार्म वाजला तेव्हा कोणीही उठलं नाही. पाच मिनिटांनी परत वाजला. मांड्या लाकडासारख्या, हाताचे तळवे बधिर, आणि जिथे बसायचं तिथे तर बोलायलाच नको. ग्रुपवर एक मेसेज आला, "आज खरंच जायचंय का?" त्याला उत्तर म्हणून कोणीतरी फक्त हेल्मेटचा फोटो टाकला. एका मित्राचा गुडघा रात्रीपासून दुखत होता, त्याला आम्हीच थांबवलं. स्नायू दुखत असतील तर हळू चालवता येतं. सांधा टोचल्यासारखा दुखत असेल तर थांबायचं, त्यात मोठेपणा दाखवायचा नाही. उरलेले दहा जण सहाला निघाले.

पहिले पाच किलोमीटर नरक. मग हळूहळू रक्त फिरायला लागतं, पाय सुटतात. औशापर्यंत वीस किलोमीटर. तिथे चहा. पुढे लामजना आणि किल्लारी. लातूरपासून साधारण त्रेचाळीस किलोमीटर.

किल्लारी हे नाव आपण सगळ्यांनी घरात ऐकलेलं असतं. आमच्यापैकी एकाचाही तेव्हा जन्म झाला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन उरकून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी घरं होती. उन्हाळ्यात गार राहणारी ही घरंच झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. जुन्या किल्लारीच्या जागेवर आज स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथे श्रद्धांजली वाहिली जाते.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. सायकली झाडाला टेकवल्या. स्तंभापाशी उभे राहिलो. कोणी फोटो काढला नाही. असं काही ठरलं नव्हतं, पण काढला नाही.

भूकंपानंतर मदत आली ती सगळीकडून. राज्यातून, देशातून, परदेशातून. पण आज तीस वर्षांहून अधिक काळानंतर मागे वळून पाहिलं की वेगळंच काही दिसतं. पहिल्या आठवड्यात आलेले पुष्कळ होते. ज्यांचं काम आजही लोक सांगतात, ते नंतरही थांबले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. राष्ट्र सेवा दलाचे पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभं राहिलं, निराधार झालेल्या मुलांसाठी. एका मुलाला पहिलीतून दहावीपर्यंत न्यायचं म्हणजे दहा वर्षं. दहा वर्षं रोज सकाळी उठून दूध, वह्या, ताप, परीक्षा. बातमी पहिल्या दिवसाची होते. काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं.

त्या सकाळी दुखणारे पाय घेऊन तिथे उभं असताना हे जरा जास्तच समजलं. आमचा दुसरा दिवस एका सकाळचा होता, त्यांचा काही हजार सकाळींचा.

मग सायकल कशाला?

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे द्यायचे तर सरळ द्या, सायकल कशाला?

पहिली गोष्ट, सायकल मारणं हे पैसे मागायला मिळालेलं कारण आहे. आपण विशी-बाविशीतले. स्वतःची कमाई नाही. मामाला, शेजारच्या डॉक्टरांना, बाबांच्या ऑफिसातल्या साहेबांना "पाचशे रुपये द्या" म्हणायला तोंड उघडत नाही. पण "मी तीन दिवस सायकल चालवणार आहे, दर दिवसाचे शंभर-दीडशे द्या" असं म्हणता येतं. एका साध्या, कॅरियरवाल्या लेडीज सायकलला पाच-सहा हजार रुपये लागतात. दोन सायकली म्हणजे बारा हजार धरा. पाचशेप्रमाणे चोवीस माणसं. एवढी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात.

अमेरिकेतली 'पॅन-मॅस चॅलेंज' ही राइड अशीच सुरू झाली. १९८० मध्ये छत्तीस जण मॅसॅच्युसेट्समध्ये सायकलवर निघाले आणि कॅन्सरवरच्या संशोधनासाठी त्यांनी दहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमवली. ती राइड आजही दर वर्षी होते आणि आतापर्यंत जमलेली एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलीय. पहिल्या वर्षाचा आकडा कोणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता. चाळीसहून अधिक वर्षं ते परत परत निघाले, त्याने हा आकडा झाला.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. बाबा आमटेंनी डिसेंबर १९८५ मध्ये 'भारत जोडो' अभियान काढलं. कन्याकुमारी ते काश्मीर. शंभरहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर. बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे होऊन सोबत राहिले. पुढे १९८८-८९ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली, पूर्वेकडून पश्चिमेकडे. या यात्रा पैशांसाठी नव्हत्या, देश जोडण्यासाठी होत्या. गिअर नाही, पॅडवाली शॉर्ट नाही, गुगल मॅप नाही. काही महिने रोज सकाळी उठायचं आणि पुढच्या गावाकडे निघायचं. सायकलचा एक फायदा तेव्हाही होता आणि आजही आहे. कारमधून गेलात तर गाव दिसतं. सायकलवरून गेलात तर गाव तुम्हाला थांबवून विचारतं, "कुठं निघालाव?" आणि मग तुम्हाला बोलावंच लागतं.

आमच्याशीही लोक बोलले. चाकूरच्या अलीकडे शाळेच्या ड्रेसमधल्या तीन मुली चालत निघाल्या होत्या, दप्तरं पाठीला, शनिवारची शाळा सुटलेली. आमच्या रंगीत हेल्मेटांकडे बघून त्या हसल्या. आम्ही हात केला. आम्ही हौसेने सायकल चालवत होतो आणि त्या नाइलाजाने पायी जात होत्या. याचा विचार त्या टप्प्यावर बहुतेक सगळ्यांच्याच मनात आला असावा, कारण नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

सायकल दिल्याने खरंच फरक पडतो का? पडतो, आणि हे मोजलेलं आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतली पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथे परिणाम जास्त दिसला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. पण यादीबाहेरचे तालुके आहेत आणि यादीबाहेरच्या मुली आहेत. आमची राइड त्यांच्यासाठी आहे.

सायकलीचाही दुसरा दिवस असतो

किल्लारीहून परत येताना औशाला उसाचा रस पिताना आम्ही एक गोष्ट बदलली. आमच्या योजनेत फक्त सायकली घेणं आणि वाटणं होतं. हार, फोटो, टाळ्या. पण दोन दिवसांत चार पंक्चर आणि एक तुटलेली चेन पाहिल्यावर प्रश्न पडला: त्या मुलीच्या सायकलला बाभळीचा काटा लागला तर? गावात पंक्चरचं दुकान नसेल तर? मग सायकल घराच्या भिंतीला टेकून उभी राहील आणि ती परत चालत निघेल.

म्हणून आता प्रत्येक शाळेला एक पायाने मारायचा पंप, पंक्चरचं सामान आणि पान्यांचा एक संच द्यायचा ठरलंय. सायकली देण्याच्या दिवशी मुलींना ट्यूब बदलायला, चेन बसवायला आणि ब्रेक आवळायला शिकवायचं. आणि सहा महिन्यांनी परत त्या शाळेत जाऊन किती सायकली चालू आहेत ते मोजायचं. सगळ्यात जास्त कुरकुर या शेवटच्या कलमावर झाली, कारण तोवर परीक्षा आलेल्या असतील. तरीही ते यादीत ठेवलंय.

पैशांचंही तसंच आहे. स्टेटस टाकला की पहिल्या दिवशी पन्नास बदाम आणि "लय भारी" येतात. "देतो की" म्हणणाऱ्याला चार दिवसांनी परत फोन करावा लागतो, तेव्हा खरी परीक्षा. स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. नोंदणीकृत संस्था शोधा, थेट तिच्या खात्यावर पैसे जाऊ द्या, देणाऱ्याला पावती मिळू द्या. संस्थेकडे ८०जी प्रमाणपत्र असेल तर देणाऱ्याला करात सवलतही मागता येते. आणि राइड संपल्यावर किती आले, किती सायकली घेतल्या, किती शिल्लक, हा हिशेब प्रत्येकाला पाठवा. पाचशे देणाऱ्यालाही. पुढच्या वर्षी तोच माणूस परत देईल की नाही, ते या एका मेसेजवर ठरतं.

दीडच्या सुमारास लातूरला पोचलो. सायकली छोटा हत्तीत चढवल्या आणि नांदेडला निघालो. पुढचा सराव पंधरा दिवसांनी आहे. तेव्हा गुडघेवाला मित्र पुढे लीडला असणार आहे, असं त्याने स्वतःच जाहीर केलंय. चाकूरच्या रस्त्यावर कोणी विचारलंच, "कशाला हाणायलाव?" तर सांगायला आता आमच्याकडे थोडं जास्त आहे. चहा तेवढा त्यांनी पाजावा.

तुमच्या ग्रुपसाठी वीकेंडचा आराखडा

आधीचे चार आठवडे : आठवड्यातून दोन दिवस २० ते ३० किलोमीटर, रविवारी ४०, मग ६०, ८०, १००. एकदम उडी नको.

अंतर : दुसऱ्या दिवशीचं अंतर पहिल्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. पहिल्या दिवशी १२०-१४०, तर दुसऱ्या दिवशी ७०-९०.

सायकल : भारी हवी असं नाही, नीट हवी. ब्रेक, चेन, हवा आदल्या दिवशी तपासा. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीटची उंची ठेवा. गुडघेदुखीचं एक नेहमीचं कारण खाली ठेवलेली सीट असते.

सोबत : दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, पाने, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, चमकणारं जॅकेट, ओआरएस, ओळखपत्र, घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, थोडे रोख पैसे.

हेल्मेट : नसेल त्याने यायचं नाही. यावर चर्चा नाही.

वेळ : पहाटे लवकर निघा, सूर्य मावळायच्या आत पोचा. दिवे असले तरी हायवेवर रात्रीची सायकल टाळा.

घरी : निघताना, प्रत्येक मोठ्या थांब्यावर आणि पोचल्यावर ग्रुपवर मेसेज. मुलींच्या आणि मुलांच्याही घरी हाच नियम.

सोमवारी : सायकल पुसा, चेनला तेल द्या आणि "देतो" म्हणालेल्यांना फोन करा.